शेव्हरोले ॲडव्हान्स-डिझाइन पिकअप ट्रकची ओळख

ॲडव्हान्स-डिझाइन ही जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीच्या शेव्हरोले विभागाने १९४७ ते १९५५ या काळात तयार केलेल्या मालवाहू वाहनांची मालिका होय. या मालिकेतील हलके पिकअप ट्रक जुनी वाहने जतन करणाऱ्यांमध्ये विशेष लोकप्रिय आहेत. आठ वर्षांच्या उत्पादनकाळात ट्रकचे बाह्यरूप जवळजवळ सारखेच राहिले; मात्र आतील यंत्रणा, काचा, कड्या, बोधचिन्हे आणि क्रमांकपद्धती यांत वरचेवर बदल होत गेले. त्यामुळे जीर्णोद्धार सुरू करण्यापूर्वी ट्रकची भारश्रेणी व उत्पादनवर्ष निश्चित करणे ही कामाची पहिली पायरी मानली जाते. चुकीच्या ओळखीमुळे न बसणारे सुटे भाग विकत घेतले जातात. शिवाय खोलताना व रंग खरवडताना मूळ खुणा नष्ट झाल्यास ती ओळख पुढे कधीच पटवता येत नाही.

== पार्श्वभूमी ==

दुसऱ्या महायुद्धानंतर शेव्हरोलेने सर्वस्वी नव्या घडणीचे ट्रक २८ जून १९४७ रोजी विक्रीस आणले. रुंद केबिन, बॉनेटखाली पाच आडव्या पट्ट्यांची जाळी आणि मडगार्डमध्ये बसवलेले दिवे ही त्यांची ठळक वैशिष्ट्ये होती. जनरल मोटर्सच्याच जीएमसी विभागानेही याच केबिनचे ट्रक विकले. मात्र त्यांची बोधचिन्हे, पुढील जाळी व इंजिने वेगळी होती. २५ मार्च १९५५ रोजी 'टास्क फोर्स' ही नवी मालिका बाजारात आली आणि ॲडव्हान्स-डिझाइनचे पर्व संपले.

या दोन तारखांमुळे कागदपत्रांबाबत दोन अडचणी उद्भवतात. १९४७ च्या पूर्वार्धात युद्धपूर्व घडणीचे ट्रक विकले जात होते, तर १९५५ मध्ये जुनी व नवी अशा दोन्ही मालिकांचे ट्रक विकले गेले. त्यामुळे नोंदणीपत्रावर केवळ '१९४७' किंवा '१९५५' असे वर्ष असल्यास ट्रक कोणत्या मालिकेचा आहे, हे त्यावरून ठरत नाही. १९५५ च्या जुन्या घडणीच्या ट्रकांना 'पहिली मालिका' असे म्हटले जाते.

== भारश्रेणी ==

हलक्या पिकअप ट्रकांच्या तीन श्रेणी होत्या. त्यांची नावे भारक्षमतेवरून ओळखली जात; परंतु अर्धा टन, पाऊण टन ही व्यापारी नावे असून ती प्रत्यक्ष वहनमर्यादेचे नेमके माप नाहीत.

* ३१०० (अर्धा टन) : चाकांच्या आसांमधील अंतर ११६ इंच (सुमारे २,९४६ मिमी), हौद्याची लांबी ७८ इंच, प्रत्येक चाकाला सहा नट.
* ३६०० (पाऊण टन) : आसांमधील अंतर १२५.२५ इंच (सुमारे ३,१८१ मिमी), हौद्याची लांबी ८७ इंच, प्रत्येक चाकाला आठ नट.
* ३८०० (एक टन) : आसांमधील अंतर १३७ इंच (सुमारे ३,४८० मिमी), हौद्याची लांबी १०८ इंच, प्रत्येक चाकाला आठ नट.

पुढील व मागील चाकांच्या मध्यबिंदूंमधील अंतर मोजणे हा श्रेणी ओळखण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. हौदा व चाके बदलता येतात; परंतु चासीची लांबी बदलण्यासाठी ती कापून जोडावी लागते आणि अशा जोडाची खूण सहसा दिसून येते.

== अनुक्रमांकाची पाटी ==

ट्रकचा अनुक्रमांक चालकाच्या बाजूच्या दाराच्या खांबावर बसवलेल्या धातूच्या पाटीवर उमटवलेला असतो. त्याच पाटीवर भारासह ट्रकचे कमाल अनुज्ञेय वजनही दिलेले असते. १९५२ पर्यंतच्या पाट्या काळ्या रंगाच्या, तर १९५३ पासूनच्या निळ्या रंगाच्या असून दोन्हींवरील अक्षरे रुपेरी आहेत. पाटीवरील अक्षरे रोमन लिपीतील आहेत. या लेखात ती उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत.

=== १९४७ ते १९५२ ===

या काळातील अनुक्रमांकात क्रमाने जुळणी कारखान्याचा आकडा, वर्षाचे अक्षर, श्रेणीचे अक्षर, महिन्याचे अक्षर आणि शेवटी उत्पादनक्रम अशी मांडणी असते.

* वर्ष : ई (१९४७), एफ (१९४८), जी (१९४९), एच (१९५०), जे (१९५१), के (१९५२). 'आय' हे अक्षर वगळलेले आहे.
* श्रेणी : पी (अर्धा टन), आर (पाऊण टन), एस (एक टन).
* महिना : ए (जानेवारी) पासून एल (डिसेंबर) पर्यंत.
* कारखाना : उदाहरणार्थ १ (फ्लिंट), २ (टॅरीटाउन), ३ (सेंट लुइस), ५ (कॅन्सस सिटी), ६ (ओकलंड), ८ (अटलांटा), १४ (बाल्टिमोर).

यानुसार '५ जीपीए' अशी सुरुवात असलेला क्रमांक कॅन्सस सिटी येथे जानेवारी महिन्यात जुळवलेल्या, १९४९ च्या अर्ध्या टनाच्या ट्रकचा असतो.

=== १९५३ ते १९५५ ===

१९५३ मध्ये पद्धत बदलली. पहिले अक्षर श्रेणीचे, त्यानंतर वर्षाचे दोन अंक, मग कारखान्याचे अक्षर व शेवटी उत्पादनक्रम अशी नवी मांडणी झाली. श्रेणीसाठी एच (अर्धा टन), जे (पाऊण टन) आणि एल (एक टन) ही अक्षरे आली. 'एच ५४ के' म्हणजे कॅन्सस सिटी येथील १९५४ चा अर्ध्या टनाचा ट्रक.

दोन्ही पद्धतींत एच व जे ही अक्षरे येतात, परंतु त्यांचे अर्थ भिन्न आहेत. जुन्या पद्धतीत 'एच' म्हणजे १९५० हे वर्ष, तर नव्या पद्धतीत अर्धा टन ही श्रेणी. म्हणून एकटे अक्षर वाचून निष्कर्ष काढता येत नाही. त्याच्या आधी आकडा आहे का आणि त्याच्यानंतर काय आहे, हे पाहावे लागते.

== वर्षनिहाय खुणा ==

पाटी हरवलेली किंवा वाचता न येण्याजोगी असल्यास पुढील बदलांच्या आधारे वर्ष ठरवता येते.

* १९४७ : इंधनटाकी हौद्याखाली असून इंधन भरण्याचे तोंड हौद्याच्या बाजूला आहे. तीन गिअरचा दांडा केबिनच्या तळातून वर येतो. दारांना तिरपी फिरणारी लहान काच नाही. बॉनेटच्या बाजूला 'शेव्हरोले' या नावाखाली 'थ्रिफ्टमास्टर' किंवा 'लोडमास्टर' असे लिहिलेले असते.
* १९४८ : तीन गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या खांबावर आला. चार गिअरच्या ट्रकांत तो तळातच राहिला. त्यामुळे तळातील दांडा ही एकटी खूण १९४७ हे वर्ष सिद्ध करीत नाही.
* १९४९ : इंधनटाकी केबिनमध्ये आसनामागे उभी बसवण्यात आली आणि इंधन भरण्याचे तोंड उजव्या दाराच्या कडीमागे आले. वर्षाच्या उत्तरार्धात बॉनेटवरील नावांच्या जागी ३१००, ३६००, ३८०० असे श्रेणीक्रमांक आले.
* १९५० : तरफेवर चालणाऱ्या जुन्या शॉकॲब्सॉर्बरच्या जागी नळीच्या आकाराचे शॉकॲब्सॉर्बर आले. चालकाच्या पायाजवळील बाहेरून हवा घेणारी झडप असलेले हे अखेरचे वर्ष.
* १९५१ : दारांच्या पुढील कोपऱ्यात हवेसाठी फिरणारी लहान काच आली. हौद्याच्या तळातील लाकडी फळ्यांची संख्या वर्षाच्या मध्यात नऊवरून आठवर आली. ताशी ८० मैलांपर्यंतच्या वेगमापकाचे हे अखेरचे वर्ष.
* १९५२ : खाली वळवायच्या कडीऐवजी दाराला बटण दाबून उघडणारी कडी आली. वेगमापक ९० मैलांपर्यंतचा झाला. डॅशबोर्डवरील क्रोमच्या पट्ट्यांऐवजी रंगवलेल्या पट्ट्या आल्या.
* १९५३ : अनुक्रमांकाची नवी पद्धत व निळी पाटी. बॉनेटच्या बाजूला केवळ मोठ्या आकारातील श्रेणीक्रमांक. २१६ घन इंच इंजिनाचे हे अखेरचे वर्ष.
* १९५४ : सर्वाधिक बदलांचे वर्ष. मधली उभी पट्टी असलेल्या दुभागलेल्या काचेऐवजी समोर वक्र अखंड काच आली. पाच आडव्या पट्ट्यांच्या जागी अधिक चिन्हासारखी आडव्या-उभ्या जाड पट्ट्यांची जाळी आली. मागील दिवे चौकोनीऐवजी गोल झाले. हौद्याच्या कडा, पूर्वी तिरप्या होत्या, त्या सपाट झाल्या. डॅशबोर्ड व स्टीअरिंगचे चाकही बदलले. 'हायड्रामॅटिक' ही स्वयंचलित गिअरपेटी प्रथमच जादा किमतीत उपलब्ध झाली.
* १९५५ (पहिली मालिका) : बाह्यरूप १९५४ प्रमाणेच, परंतु बॉनेटच्या बाजूच्या बोधचिन्हाची रचना बदलली. इंजिनाची शक्ती मागील आसाकडे नेणारा दांडा पूर्वी बंद नळीत फिरत असे, तो आता उघडा झाला. ट्रकखाली वाकून पाहिल्यास हा फरक तत्काळ लक्षात येतो.

== इंजिनावरून मिळणारा पुरावा ==

१९५३ पर्यंतच्या हलक्या ट्रकांत २१६.५ घन इंच (सुमारे ३.५ लिटर) क्षमतेचे सहा सिलिंडरचे इंजिन असे. त्यातील बेअरिंगांना बॅबिट या मिश्रधातूचा ओतीव थर असून जोडदांड्यांना वंगण मुख्यतः तेलाच्या शिंतोड्यांनी मिळत असे. १९५४ पासून २३५ घन इंचाचे (सुमारे ३.९ लिटर) इंजिन आले. त्यात बदलता येण्याजोगी बेअरिंग होती आणि सर्वत्र दाबाखाली तेल पोहोचवले जाई. बाहेरून पाहता, २१६ इंजिनाच्या बाजूचे पत्र्याचे झाकण उंच असून स्पार्क प्लगांच्या भोवतालापर्यंत जाते. नंतरच्या २३५ इंजिनावरील झाकण आखूड असते.

इंजिनाच्या ओतीव ठोकळ्यावर ओतकामाची तारीखही असते. अक्षर महिन्याचे, त्यापुढील अंक दिवसाचे आणि शेवटचा अंक वर्षाचा असतो. 'सी १५ ८' म्हणजे ८ या अंकाने संपणाऱ्या वर्षातील १५ मार्च. ही तारीख १९४८ ची की १९५८ ची, हे इंजिनाच्या प्रकारावरून ठरवावे लागते. ओतकाम जुळणीच्या आधी होत असल्याने ओतकामाची तारीख ट्रकच्या जुळणीनंतरची असल्यास इंजिन बदललेले आहे, असा निष्कर्ष निघतो.

हे ट्रक दीर्घकाळ शेतावर व व्यवसायात राबत राहिल्याने त्यांची इंजिने बदलणे ही सामान्य बाब होती. म्हणून इंजिन हा ट्रकच्या वयाचा दुय्यम पुरावा होय. अमेरिकेतील काही राज्यांत पूर्वी वाहनाची नोंद इंजिनक्रमांकावरून होत असे. अशा ट्रकच्या कागदपत्रांवरील क्रमांक दाराच्या खांबावरील पाटीशी जुळत नाही. ही विसंगती केवळ तेवढ्यावरून फसवणुकीचे लक्षण ठरत नाही.

== दिशाभूल करणाऱ्या बाबी ==

काही केबिनांच्या मागील कोपऱ्यांत वक्र काचा असतात. हे निराळे मॉडेल नसून जादा किमतीत मिळणारी 'डीलक्स' केबिन होती. साध्या व डीलक्स केबिना एकाच वर्षी व एकाच श्रेणीत मिळत. क्रोमची किंवा रंगवलेली जाळीही निर्णायक नाही. कोरियन युद्धाच्या काळात धातूंवरील निर्बंधांमुळे क्रोमचा वापर घटला होता. तसेच जाळी सहज बदलता येते.

याहून महत्त्वाची बाब म्हणजे या मालिकेतील बहुतेक भाग एकमेकांना बसतात. १९५० ची चासी, १९५२ ची दारे आणि १९५४ चे इंजिन असलेला ट्रक अपवादात्मक नाही. प्रत्येक खूण केवळ त्या त्या भागाचे वय सांगते. बटणाची कडी दाराचे, शॉकॲब्सॉर्बरची रचना चासीचे आणि पाटी ज्या केबिनवर बसवलेली आहे त्या केबिनचे वय दर्शवते. त्यामुळे चासी, केबिन, हौदा आणि इंजिन यांची स्वतंत्र नोंद करून त्यांपैकी किती पुरावे परस्परांशी जुळतात हे पाहिले जाते.

== जीर्णोद्धारापूर्वीची नोंद ==

ओळख पटवण्याचे काम ट्रक खोलण्यापूर्वी करणे आवश्यक असते. पाटी, तिचे रिबेट, बोधचिन्हांसाठीची भोके, फळ्यांची संख्या, आसनामागील मूळ रंग आणि चासीवरील जोड यांची छायाचित्रे घेतली जातात. बॉनेटवरील बोधचिन्ह हरवलेले असले तरी त्याची भोके शिल्लक असतात आणि त्यांच्या मांडणीवरून मूळ चिन्हाचा अंदाज येतो. पुटीने ती बुजवल्यास हा पुरावा संपतो. दारांच्या कडा व डॅशबोर्डची मागील बाजू येथे मूळ रंगाचा थर टिकून राहण्याची शक्यता अधिक असते.

पाटी वाळूच्या माऱ्याने किंवा तारेच्या ब्रशने साफ केल्यास उथळ उमटवलेले अंक पुसले जातात. अमेरिकेत १९८४ च्या कायद्यानुसार वाहनाचा ओळख क्रमांक जाणीवपूर्वक काढणे वा बदलणे हा गुन्हा आहे. त्यामुळे रंगकामासाठीही पाटी सहसा उचकटली जात नाही. ती झाकून काम केले जाते.

== भारतीय संदर्भ ==

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईतील शिवडी येथे जुळणी कारखाना सुरू केला होता. तो १९५४ पर्यंत चालला; म्हणजे ॲडव्हान्स-डिझाइन मालिकेच्या उत्पादनकाळाचा बराचसा भाग या कारखान्याच्या अखेरच्या वर्षांत येतो. वर दिलेले कारखान्यांचे आकडे अमेरिकेतील कारखान्यांचे आहेत.

भारतात २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीची तरतूद करण्यात आली. वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे व त्यात मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी तिची अट आहे. तसेच अशा वाहनाचा व्यावसायिक वापर करता येत नाही. मूळ स्वरूप कोणते, हे वाहनाचे वर्ष व श्रेणी निश्चित झाल्याखेरीज सांगता येत नसल्याने जीर्णोद्धारापूर्वी केलेल्या नोंदीला येथेही महत्त्व आहे.