मोफत वेबमेल सेवा आणि खासगीपणा

मोफत वेबमेल सेवा म्हणजे ब्राउझरच्या साहाय्याने, कोणतेही शुल्क न भरता वापरता येणारी ई-मेलची सोय होय. ई-मेलला मराठीत विपत्र असेही म्हणतात. या सेवेत पत्रे वापरकर्त्याच्या संगणकावर नव्हे, तर सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर साठवली जातात. त्यामुळे ती कोठूनही वाचता येतात, आणि त्याच कारणामुळे ती आणखी कोण वाचू शकतो, हा प्रश्नही उभा राहतो. जीमेल, आउटलुक, याहू मेल, झोहो मेल आणि मुंबईतून सुरू झालेली रेडिफमेल या भारतात परिचित असलेल्या सेवा आहेत.

इतिहास

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. ती मुंबईत मुख्यालय असलेल्या विदेश संचार निगम लिमिटेड या सरकारी कंपनीने पुरवली. त्या काळी ई-मेलचा पत्ता सामान्यतः इंटरनेट जोडणीबरोबर मिळे. जोडणी सोडली की पत्ताही जाई.

ही गाठ वेबमेलने सोडवली. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी अमेरिकेत हॉटमेल सुरू केली. भाटिया यांचे काही शालेय शिक्षण पुण्याच्या बिशप्स स्कूलमध्ये झाले होते. दोघे एकाच कंपनीत नोकरीला असताना त्यांना आपल्या नव्या व्यवसायाविषयी पत्रव्यवहार करायचा होता, पण तो मालकांच्या नजरेस पडू द्यायचा नव्हता. या अडचणीतून ब्राउझरमधील ई-मेलची कल्पना पुढे आली. जी सेवा पुढे खासगीपणाच्या वादाचा विषय झाली, तिचा उगम खासगीपणाच्याच गरजेत होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. हॉटमेलवरून जाणाऱ्या प्रत्येक पत्राच्या तळाशी या मोफत सेवेची माहिती देणारी एक ओळ आपोआप जोडली जाई. पत्र लिहिणारा अशा रीतीने नकळत जाहिरातदारही ठरे. डिसेंबर १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुमारे ४० कोटी डॉलरना हॉटमेल विकत घेतली.

भारतात अजित बालकृष्णन यांनी १९९६ मध्ये मुंबईत रेडिफ हे संकेतस्थळ सुरू केले. त्याची रेडिफमेल ही सेवा सायबर कॅफेंच्या काळात महाराष्ट्रातील असंख्य विद्यार्थ्यांचा आणि नोकरीच्या उमेदवारांचा पहिला ई-मेल पत्ता ठरली. गूगलने १ एप्रिल २००४ रोजी जीमेलची घोषणा केली. हॉटमेल तेव्हा मोफत खात्यासाठी केवळ २ मेगाबाइट जागा देत असे. जीमेलने १ गिगाबाइट देऊ केली. जुनी पत्रे खोडून जागा करण्याची सवय त्यामुळे मोडली आणि पत्रे वर्षानुवर्षे साठू लागली.

उपयुक्तता

खर्च नाही, हा सर्वांत उघड फायदा होय. मात्र त्याहून मोलाचा फायदा स्थिर पत्त्याचा आहे. भाड्याचे घर, वसतिगृह किंवा मोबाइल क्रमांक बदलला तरी ई-मेलचा पत्ता बदलत नाही. परीक्षेचे प्रवेशपत्र, नोकरीचे नियुक्तिपत्र, बँकेचे विवरण हे सारे एका ठिकाणी राहते आणि शब्द टाकून शोधता येते. नको असलेल्या व फसव्या पत्रांची मोठ्या सेवांनी केलेली गाळणी एकट्या व्यक्तीला स्वतःच्या सर्व्हरवर क्वचितच साधेल.

मराठीच्या दृष्टीने या सेवांचे आणखी एक ऋण मान्य करावे लागते. पूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या फाँटमध्ये टंकला जाई. पाठवणाऱ्याचा फाँट घेणाऱ्याकडे नसेल, तर पत्राच्या जागी अर्थहीन चिन्हांची रांग दिसे. म्हणून कित्येक जण मराठी पत्र रोमन लिपीत लिहीत, किंवा मजकुराचे चित्र करून जोडत. युनिकोड प्रमाणाचा वापर रूढ झाला आणि वेबमेल सेवांनी तो स्वीकारला, तेव्हा देवनागरीतील पत्र जसेच्या तसे पोहोचू लागले. पुढे पत्ताही देवनागरीत असण्याची सोय आली. '.भारत' हे देवनागरी डोमेन ऑगस्ट २०१४ मध्ये खुले झाले, आणि त्याच महिन्यात जीमेलने रोमनेतर लिपींतील पत्त्यांशी पत्रव्यवहार शक्य केला. तथापि अनेक अर्जांचे रकाने असा पत्ता आजही स्वीकारत नाहीत.

खासगीपणाचे प्रश्न

मोफत सेवेचा खर्च मुख्यतः जाहिरातींतून, तसेच कंपनीच्या इतर सशुल्क सेवांतून निघतो. जीमेल सुरुवातीपासून पत्रांतील मजकूर संगणकाकडून तपासून त्याला अनुरूप जाहिराती दाखवत असे. त्याविरुद्ध २००४ मध्येच खासगीपणाच्या हक्कासाठी काम करणाऱ्या ३१ संघटनांनी गूगलला पत्र लिहिले होते. त्यांचा एक आक्षेप आजही मननीय वाटतो : जीमेल वापरणाऱ्याने अटी मान्य केल्या असतील, पण त्याला दुसऱ्या सेवेवरून पत्र पाठवणाऱ्याने त्या कधी मान्य केल्या? जाहिरातींसाठी मजकूर तपासणे थांबवत असल्याचे गूगलने जून २०१७ मध्ये जाहीर केले. नको असलेली पत्रे गाळणे, प्रवासाची तिकिटे ओळखणे अशा कामांसाठी मात्र यांत्रिक वाचन चालूच राहिले. शिवाय कोणी, कोणाला, केव्हा आणि कोठून लिहिले, ही पत्राभोवतीची माहिती सेवा चालवण्यासाठीच नोंदवली जाते.

या नोंदींचे बळ आणि मर्यादा दोन्ही दाखवणारी घटना नवी मुंबईत घडली. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेतील बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांना याहूच्या पत्त्यावरून एक ई-मेल आला. त्यातील आयपी पत्त्याचा माग काढत पोलीस सानपाड्यातील एका सदनिकेपर्यंत पोहोचले. तेथील रहिवाशाचे वाय-फाय असुरक्षित होते आणि तिऱ्हाइताने त्याचा गैरवापर केल्याचे निष्पन्न झाले. नोंद खरी होती, पण तिने दाखवलेला माणूस तो नव्हता.

चोरीचा धोका वेगळाच. ऑगस्ट २०१३ मध्ये झालेल्या चोरीत याहूची त्या वेळची सर्व, म्हणजे सुमारे ३ अब्ज खाती सापडली होती, हे कंपनीने २०१७ मध्ये मान्य केले. मार्गातील सुरक्षितताही हळूहळूच आली. जीमेलचे संपूर्ण कामकाज मुळातच कूटबद्ध जोडणीवर चालण्याची व्यवस्था जानेवारी २०१० मध्ये झाली. अशी जोडणी म्हणजे सीलबंद टपालथैली समजावी. वाटेत ती उघडता येत नाही, पण टपाल कार्यालयात पोहोचल्यावर पत्रे तेथील यंत्रणेच्या हाती असतात.

सेवा बंद होणे किंवा तिची मालकी बदलणे, या गोष्टीही खासगीपणाशी निगडित आहेत. २०२४ मध्ये गुजरातमधील इन्फिबीम ॲव्हेन्यूज या कंपनीने रेडिफमधील बहुसंख्य हिस्सा घेण्याचा व्यवहार केला. अशा वेळी वर्षानुवर्षांची पत्रे ज्या सर्व्हरवर आहेत त्यांचा धनी बदलतो. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले आहे.

ग्रामीण भागातील वापर

वरील चर्चा बहुधा दूरच्या कंपन्यांविषयी होते. ग्रामीण महाराष्ट्रात खासगीपणाचा पहिला भंग पुष्कळदा गावाजवळच्या दुकानात होतो. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील भंडारदरा हे गाव उदाहरणादाखल घेता येईल. धरणाच्या आर्थर जलाशयाकाठी तंबूनिवास चालवणाऱ्यांना आपले ठिकाण गूगलच्या नकाशावर नोंदवायचे, तर गूगल खाते लागते. अशा भागातील विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी संकेतस्थळावर किंवा प्रवेशपरीक्षेसाठी अर्ज करताना ई-मेल पत्ता मागितला जातो. घरी संगणक नसल्यास अर्ज सेवा केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात भरला जातो. तेथील चालकच अनेकदा खाते उघडून देतो, पासवर्ड स्वतः ठरवतो आणि आपल्या वहीत लिहून ठेवतो. त्याचा हेतू बहुधा मदतीचाच असतो.

अडचण नंतर जाणवते. खाते परत मिळवण्यासाठी चालकाचा मोबाइल क्रमांक दिलेला असेल, तर पासवर्ड विसरल्यावर संकेतांक त्याच्याकडे जातो. दुकान बंद झाले, तर प्रवेशाची किंवा त्रुटीपूर्तीची सूचना विद्यार्थ्याच्या नावावर असूनही त्याला दिसत नाही. उलटपक्षी, खाते ज्याच्या हाती आहे त्याला त्या पत्त्यावर नोंदवलेल्या इतर खात्यांचेही पासवर्ड बदलता येऊ शकतात. घरात एकच फोन असल्यास वडिलांच्या खात्यावर मुलांचे अर्ज भरले जातात, आणि खाते न काढता फोन विकला की पत्रे, संपर्क व छायाचित्रे त्याच्याबरोबर जाण्याचा संभव असतो. अशा वेळी कंपनीचे धोरण कितीही निर्दोष असले तरी त्याचा उपयोग होत नाही.

भारतातील कायदा

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६९ नुसार देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा विहित कारणांसाठी सरकार संगणकीय माहिती पाहण्याचा आदेश देऊ शकते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार संमती हा माहिती वापरण्याचा मुख्य आधार असून, १८ वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक आहे. मुलांना उद्देशून लक्ष्यित जाहिराती करण्यासही त्यात मनाई आहे. सरकारने स्वतःच्या पत्रव्यवहाराबाबत आधीच सावधगिरी घेतली होती : २०१५ च्या ई-मेल धोरणानुसार केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी शासकीय कामासाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची सेवा वापरावयाची होती.

पर्याय आणि दक्षता

प्रोटॉन मेलसारख्या सेवा साठवलेली पत्रे अशा रीतीने कूटबद्ध करतात की ती कंपनीलाही वाचता येत नाहीत. मात्र समोरची व्यक्ती साधी सेवा वापरत असेल, तर तिच्याकडील प्रत उघडीच राहते. सशुल्क सेवेत जाहिराती नसतात, परंतु विद्यार्थ्याला तो खर्च दरवर्षी परवडेलच असे नाही. मोफत खातेच वापरायचे झाल्यास, दुसऱ्याने उघडून दिलेल्या खात्याचा पासवर्ड त्याच दिवशी बदलावा, त्यात स्वतःचा किंवा घरातील विश्वासू व्यक्तीचा क्रमांक नोंदवावा आणि द्विस्तरीय पडताळणी चालू करावी. सुरक्षाविषयक पानावर खाते कोणकोणत्या उपकरणांवर उघडे आहे याची यादी मिळते; अनोळखी उपकरण तेथूनच बाद करता येते. महत्त्वाच्या पत्रांची प्रत उतरवून घेण्याची सोयही बहुतेक मोठ्या सेवांत असून, गूगलच्या टेकआउट या सुविधेतून संपूर्ण पत्रसंग्रह एका फाइलमध्ये घेता येतो.