विलोमकाव्य आणि अक्षरक्रीडा

वाल्या कोळ्याच्या मुखी रामनाम येईना, म्हणून त्याला ‘मरा’ असा उलटा जप देण्यात आला आणि त्याच्या अखंड आवर्तनातून ‘राम’ प्रकटला, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. आपल्या अक्षरक्रीडेचे मर्म तीत साठविलेले आहे. स्वर आणि व्यंजन सुटे करून हे नाव उलटले, तर ‘अमार्’ असे निरर्थक रूप हाती येईल. ‘मरा’ सिद्ध होते ते अक्षर अखंड मानल्यामुळे. ‘ती होडी जाडी होती’ हे मुलांच्या तोंडचे वाक्य याच नियमाने दोन्ही बाजूंनी सारखे वाचता येते. ‘चिमा काय कामाची’ यात मात्र ऱ्हस्वदीर्घाच्या भेदाकडे कान उदारपणे काणाडोळा करतो.

शास्त्रकारांनी या क्रीडेला मानाचे पान दिले नाही. दंडीने ‘काव्यादर्शा’त यमक, चित्रबंध व प्रहेलिका यांचे सविस्तर विवेचन केले खरे, परंतु नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने चित्रकाव्याला काव्याची केवळ अनुकृती ठरविले आणि पुढे मम्मटाने त्याला शेवटच्या पायरीवर बसविले. मौज अशी की, त्याच आनंदवर्धनाच्या नावावर असलेले ‘देवीशतक’ चित्रबंधांनी ओतप्रोत भरलेले आहे. वाणीचे सारे कौशल्य देवतेच्या चरणी वाहावे, हीच भावना त्यामागे असावी.

सोळाव्या शतकात गोदातीरीच्या पार्थपुरात, म्हणजे आजच्या पाथरीत, सूर्यकवीने ‘रामकृष्णविलोमकाव्य’ रचले. ‘लीलावती’वर टीका लिहिणारा हा गणिती. त्याच्या श्लोकाचा पूर्वार्ध रामाविषयी बोलतो. तीच अक्षरे उलट क्रमाने येऊन उत्तरार्ध होतो, आणि तो कृष्णाविषयी बोलतो. जोडाक्षर फोडायचे नाही, हा येथेही दंडक. कसरत विलक्षण खरी. पण टीकेचा हात धरल्यावाचून वाचकाला पुढे पाऊल टाकता येत नाही.

अष्टोत्तरशत रामायणांचे कर्ते मोरोपंत (१७२९–१७९४) यांनी ‘निरोष्ठ रामायणा’त ओठांना ओठ लागू न देण्याचा पण केला. ‘म’ ओष्ठ्य, तेव्हा रामायणात रामाचेच नाव वर्ज्य! कथानायकाला ‘दाशरथि’सारख्या पर्यायांनीच हाक मारणे प्राप्त झाले. पंतांवर कृत्रिमतेचा आरोप करणाऱ्यांनी या बंधनातील गंमत ध्यानी घ्यावयास हवी. ज्या नामासाठी सारा खटाटोप, ते ओठांवर आणावयाचे नाही. आणि न उच्चारल्यामुळेच ते ऐकणाऱ्याच्या मनात अधिक घुमते.

शास्त्रकारांनी लावलेली प्रतवारी एकंदरीत योग्यच होती. तथापि बंधनातून जेव्हा अर्थच उमलतो, तेव्हा खेळ आणि काव्य यांमधील सीमारेषा पुसट होते. आनंदवर्धनाच्या भाषेत बोलायचे, तर न उच्चारलेला राम हा ध्वनीच होय.