पाणबुडीला घाई परवडत नाही

अकोल्याहून बोलतोय. आजच्या भागात इतिहास आहे, थोडं गणित आहे, आणि सुरुवात एका गेमपासून आहे.

सायलेंट हंटरसारखा पाणबुडीचा गेम पहिल्यांदा हातात आला की बहुतेक जण एकच करतात. बंदरातून निघायचं आणि वेग थेट शेवटच्या खुणेवर न्यायचा. मग अर्ध्या महासागरात डिझेल संपतं, किंवा पाण्याखाली असताना बॅटरी बसते, आणि शत्रू न भेटताच मोहीम संपते. जुने खेळाडू सांगतात, हळू चाल. पण हळू म्हणजे किती? दहा नॉट की पाच? आणि हळू जाणं एवढं चांगलं, तर एका नॉटनेच का नाही जायचं?

उत्तरासाठी आपण आधी नेताजींच्या पाणबुडीत जाणार आहोत, आणि तिथून १९७१च्या दीवच्या समुद्रात. आता आपल्या अकोल्यात समुद्र नाही, मोर्णा आहे. पण हे गणित समजायला समुद्र लागत नाही, घरातला इन्व्हर्टर पुरतो.

मे महिन्यात लाइट गेली की आपण काय करतो? एक पंखा आणि एक बल्ब चालू ठेवतो. इन्व्हर्टर रात्र काढतो. त्याच बॅटरीवर कुणी मिक्सर लावला, कूलर लावला, की ती भराभर उतरते. अशा लेड-ॲसिड बॅटरीचा एक स्वभाव आहे: वीज जेवढी जोरात ओढाल, तेवढी एकूण मिळणारी वीजही कमी होते. दुसऱ्या महायुद्धातल्या पाणबुड्या पाण्याखाली अशाच बॅटऱ्यांवर चालायच्या, फक्त त्या प्रचंड मोठ्या असायच्या. डिझेल इंजिनाला हवा लागते, म्हणून ते बहुतेक वेळा वर आल्यावरच चालायचं आणि तेव्हाच बॅटरी चार्ज व्हायची.

दुसरी गोष्ट पाण्याची. पाणी ढकलायला लागणारी ताकद वेगाबरोबर सरळ वाढत नाही. वेग दुप्पट केला की दर तासाला साधारण आठपट ताकद लागते. अंतर निम्म्या वेळात कापलं जातं हे खरं, पण तरीही प्रत्येक मैलामागे खर्च चौपट होतो. जर्मनीची तेव्हाची नेहमीची पाणबुडी म्हणजे टाइप सात-सी. पाण्याखाली ४ नॉटने ती सुमारे ८० सागरी मैल जायची, म्हणजे जवळजवळ २० तास. तीच साडेसात नॉटने, पूर्ण जोरात पळवली, तर बॅटरी तासा-दीड तासात संपायची. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. म्हणजे ४ नॉट हा झपझप चालणाऱ्या माणसाचा वेग झाला!

मग एका नॉटनेच का नाही जायचं? कारण पाणबुडी उभी असली तरी वीज खाते. दिवे, पंप, पंखे, यंत्रं, स्वयंपाक हे सगळं चालूच असतं. एक काल्पनिक हिशोब करू. समजा या सगळ्याला तासाला २० युनिट लागतात. ४ नॉटने जायला मोटर १० युनिट घेते. एकूण ३० युनिट, मैल झाले ४, म्हणजे मैलाला साडेसात युनिट. वेग ८ नॉट केला तर मोटर घेईल ८० युनिट. एकूण १००, मैलाला साडेबारा. आणि वेग २ नॉटवर आणला तर मोटरला फक्त सव्वा युनिट, पण एकूण सव्वाएकवीस होतात, आणि मैलाला साडेदहाच्या वर जातात. बघा, खूप हळू जाणंही महाग पडलं. सगळ्यात स्वस्त वेग मधे कुठेतरी असतो. आपल्या हिशोबात तो बरोबर ४ नॉट, कारण तिथे मोटरचा खर्च बाकीच्या खर्चाच्या निम्मा आहे.

आता नेताजींकडे येऊ. फेब्रुवारी १९४३च्या दुसऱ्या आठवड्यात सुभाषचंद्र बोस आणि त्यांचे सहकारी आबिद हसन जर्मनीतल्या कील बंदरातून यू-१८० या पाणबुडीने निघाले. कप्तान होता वेर्नर मुझेनबर्ग. ही पाणबुडी गंमतशीर होती. तिच्यात वेगवान टॉर्पेडो बोटींसाठी बनवलेली सहा मर्सिडीज-बेंझ डिझेल इंजिनं बसवली होती. हेतू हा की पृष्ठभागावर तिने २० नॉटच्या आसपास पळावं.

आणि ती प्रत्यक्षात किती वेगाने गेली? स्कॉटलंडच्या उत्तरेकडून वळसा, मग पूर्ण अटलांटिक, आफ्रिकेचं टोक आणि मादागास्करच्या आग्नेयेला. नकाशावर मोजलं तर हे अंतर दहा हजार सागरी मैलांच्या आसपास भरतं. तिथे जपानी आय-२९ पाणबुडीची भेट झाली ती एप्रिलच्या शेवटी, म्हणजे जवळपास ७६ दिवसांनी. भागाकार करा. सरासरी सहा नॉटही येत नाही, ताशी अकरा किलोमीटरसुद्धा नाही. शाळेत सायकलने जाणारं पोरगंही यापेक्षा जोरात जातं. या सरासरीत बुडी मारून सरकत राहणं आलं, वाट बघणं आलं, १८ एप्रिलला कॉर्बिस नावाचा ब्रिटिश टँकर बुडवणंही आलं. पण मुद्दा तोच. २० नॉटची ताकद अंगात असणं वेगळं आणि ती वापरणं परवडणं वेगळं.

त्यात ही भेट ठरलेल्या जागी, ठरलेल्या सुमाराला व्हायची होती. आधी पोहोचून बक्षीस नव्हतं. उशीर झाला तर मात्र समोरची पाणबुडी किती दिवस थांबणार? आणि तेल तर परतीच्या प्रवासालाही ठेवायचं होतं. समुद्र इतका खवळलेला होता की भेट होऊनही लगेच बदली करता आली नाही. शेवटी २८ एप्रिलला रबरी होडीतून, भिजत, नेताजी आणि हसन आय-२९ वर गेले, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात सुमात्राजवळच्या साबांगला उतरले.

त्या सहा इंजिनांचं काय झालं? ती तेल खूप प्यायची, धूर खूप सोडायची आणि पाणबुडीत उष्णता कोंडायची. पुढे ती काढूनच टाकली आणि यू-१८० ला मालवाहू पाणबुडी केलं. ऑगस्ट १९४४ मध्ये बोर्दोहून निघाल्यावर ती बिस्केच्या उपसागरात नाहीशी झाली.

इथे गेम आणि खरं आयुष्य वेगळं होतं. गेममध्ये आपण टाइम कम्प्रेशन दाबतो आणि महिना चहा पिईपर्यंत संपतो. वेळ फुकट असतो, म्हणून हळू जाणं सोपं वाटतं. नेताजींना मात्र ते अडीच महिने डिझेलच्या वासात, लोखंडी नळीत, एकेक दिवस करून काढावे लागले. स्वस्त वेगाची किंमत कुणीतरी वेळेत भरतंच.

आता १९७१. इथे प्रश्न तेलाचा राहत नाही, ऐकण्याचा होतो. पाकिस्तानची हंगोर पाणबुडी काठियावाडच्या किनाऱ्याजवळ होती, कप्तान अहमद तस्नीम. तिला शोधायला मुंबईहून आपली खुकरी आणि किरपाण ही जहाजं निघाली. ९ डिसेंबरला हंगोरला ती सापडली, पण पाठलाग करून गाठता येईनात. पाण्याखाली जोर लावावा तर बॅटरी जाते आणि आवाजही होतो. मग हंगोरने मागे पळणं सोडलं. जहाजं आयताकार मार्गाने शोध घेताहेत हे ओळखलं, संध्याकाळी स्नॉर्केलची नळी वर काढून डिझेलवर अंतर कापलं, आणि त्यांच्या वाटेत पुढे जाऊन खाली शांत थांबली.

खुकरीचा वेगही तेव्हा कमी होता. तिच्यावर सोनारची ऐकण्याची क्षमता वाढवणारं एक नवं उपकरण तपासलं जात होतं. जोरात धावणाऱ्या जहाजाला स्वतःच्याच आवाजात काही ऐकू येत नाही, म्हणून ऐकायचं तर हळू जावं लागतं. पण हळू आणि सरळ चालणारं जहाज पाणबुडीसाठी सोपं लक्ष्य असतं. हंगोरचा पहिला टॉर्पेडो किरपाणवर सुटला, तो फुटला नाही. दुसऱ्याने खुकरी काही मिनिटांत बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. मुल्ला जहाजासोबतच राहिले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. दीवला खुकरीचं स्मारक आहे. कधी गेलात तर बीचवर जाण्याआधी तिथे थांबा.

तर योग्य वेग किती, याला एक आकडा नाही. आपलं आधी काय संपणार, हे विचारायचं. तेल संपणार असेल तर वेग एक, बॅटरी संपणार असेल तर दुसरा, आणि शत्रू कुठे आहे हेच माहीत नसेल तर तिसरा. गेममध्ये नेव्हिगेशन ऑफिसरला सध्याच्या वेगाने किती लांब जाता येईल ते विचारता येतं. दोन-तीन वेगांवर विचारून बघा, आणि परतीचं तेल आधी बाजूला काढा.

हा प्रश्न आजही सुटलेला नाही, आणि त्यावर काम आपल्या महाराष्ट्रातच चालू आहे. मुंबईच्या माझगाव डॉकने कलवरी वर्गाच्या सहा पाणबुड्या बांधल्या. पहिली २०१७ मध्ये नौदलात आली, सहावी वागशीर १५ जानेवारी २०२५ ला. दुसरीचं नाव खांदेरी, शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये अलिबागजवळच्या ज्या बेटावर तटबंदी घातली त्या बेटावरून. या पाणबुड्यांसाठी अंबरनाथच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने बाहेरची हवा न घेता वीज बनवणारी फ्युएल सेलची यंत्रणा तयार केली आहे, आणि ती बसवण्यासाठी डिसेंबर २०२४ मध्ये माझगाव डॉकशी करार झाला. या यंत्रणेने पाणबुडी जोरात पळणार नाही. पळायला बॅटरीच लागेल. हळू चालत, वर न येता, जास्त दिवस खाली राहता यावं, एवढ्यासाठी ही सगळी खटपट आहे.

चला, आज एवढंच. भेटू पुढच्या भागात.