एसएसएच : सुरक्षित दूरप्रवेश

घरच्या संगणकावरून दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करून तिथे आदेश चालवण्याची व फायली नेण्या-आणण्याची कूटबद्ध पद्धत. पूर्ण नाव सिक्युअर शेल. ठरलेले पोर्ट २२.

भंडारा जिल्ह्यात महासंगणक नाही. तरी तुमसर, साकोली किंवा पवनीला सुट्टीत घरी आलेल्या संशोधक विद्यार्थ्याला, खाते मिळालेले असेल आणि संस्थेचे नियम परवानगी देत असतील, तर पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकावर काम चालवता येते. राष्ट्रीय महासंगणन अभियानाखाली सी-डॅकने २०१९ मध्ये उभारलेल्या या यंत्रावर शिरण्याची नेहमीची वाट एसएसएचची आहे. रस्त्याने अंतर सातशे किलोमीटरहून जास्त, पण मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही निभते. कारण वाटेत जा-ये होते ती मुख्यतः अक्षरांची, आकडेमोड तिकडेच होते. लॉगिन होते ते फक्त दारातल्या नोडवर, म्हणजे प्रवेशापुरत्या संगणकावर. जड गणित तिथे सुरू न करता स्लर्म या रांग सांभाळणाऱ्या प्रणालीकडे सोपवायचे असते, आणि नवखे नेमके इथेच ओरडा खातात.

एसएसएचच्या आधी टेलनेट होते. त्यात पासवर्ड उघडाच तारेवरून जाई. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर कोणी तरी पासवर्ड टिपत असल्याचे उघडकीस आले, तेव्हा तिथल्या तातू इलोनेन यांनी ही पद्धत रचून फुकट वाटली. एफटीपीचे २१ आणि टेलनेटचे २३ यांच्यामधला २२ हा आकडा रिकामा होता. त्यांनी मागितला आणि मिळाला. १९९९ मध्ये ओपनबीएसडी गटाने ओपनएसएसएच हा मुक्त अवतार काढला. लिनक्स व मॅकवर तोच असतो, आणि २०१८ पासून विंडोज १० मध्येही तो येतो. त्याआधी विंडोजवाल्यांची भिस्त पुट्टी या प्रोग्रामवर होती. अनेकांची अजूनही आहे.

जोडणी होताना दोन्ही संगणक डिफी-हेलमन धर्तीच्या देवाणघेवाणीतून एक सामायिक गुपित तयार करतात. हे गुपित स्वतः जाळ्यावरून कधीच जात नाही, म्हणून मधल्या चोराच्या हाती निरर्थक अक्षरेच लागतात. मात्र कूटलेखन कितीही भक्कम असले तरी पलीकडे भलताच सर्व्हर असेल तर काय उपयोग? त्यासाठी सर्व्हर आपली ओळख-किल्ली दाखवतो. पहिल्या वेळी पडद्यावर तिचा ठसा, म्हणजे अक्षरांची एक लांब माळ, उमटतो आणि ‘येस’ टाइप करायला सांगितले जाते. बहुतेक जण न वाचता ‘येस’ करतात. सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत कच्ची जागा हीच, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तो ठसा संस्थेकडून आधी मागवून ताडून पाहावा. पुढे कधी तो बदलला तर मोठा इशारा येतो. सर्व्हर नव्याने बसवला असेल तरी तो येतो, पण चालकांना विचारल्याशिवाय जुनी नोंद पुसू नये.

वापरकर्त्याची ओळख पासवर्डपेक्षा किल्लीजोडीने पटवणे चांगले. ईडी२५५१९ प्रकारची जोडी एका आदेशात तयार होते. सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवायची. खाजगी किल्ली घरच्या संगणकाबाहेर जाता कामा नये, व्हॉट्सॲपवरून मित्राला तर मुळीच नाही. तिला सांकेतिक वाक्याचे कुलूपही हवे.

पावसाळ्यात वीज गेली की राउटर बंद पडतो, सत्र तुटते आणि त्यातला चालू आदेशही बहुधा मरतो. म्हणून लॉगिन झाल्यावर आधी टीमक्स हा प्रोग्राम सुरू करण्याची सवय लावून घ्यावी. जोडणी तुटली तरी काम तिकडे चालू राहते, नंतर येऊन पुन्हा धरता येते. स्लर्मच्या रांगेत लावलेल्या कामाला ही भीती नाही.

उलट दिशेने, म्हणजे बाहेरून घरच्या संगणकावर येणे, सहसा जमत नाही. पुष्कळ इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देतात. एनीडेस्कसारखी पडदा दाखवणारी ॲप ही अडचण मधल्या सर्व्हरने सोडवतात. मात्र बँकेचे नाव सांगून फोन करणारे भामटे तेच ॲप घ्यायला लावतात. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये याबाबत सावध केले होते. एसएसएचमध्ये आपण दुसऱ्याच्या यंत्रात शिरतो, इथे दुसरा आपल्या यंत्रात शिरतो.

लॅपटॉप विकला किंवा हरवला तर सर्व्हरवरच्या ‘ऑथराइज्ड कीज’ या फायलीतून त्यावरच्या किल्लीची ओळ काढून टाकावी. पासवर्ड बदलल्याने ती रद्द होत नाही.