सुईवरचा पहिला टाका

वाशीम हा कापसाचा आणि सोयाबीनचा मुलूख. येथे लोकरीच्या कपड्याची गरज वर्षातून जेमतेम दोन महिने भासते. म्हणूनच मुलगी दोन सुया आणि लोकरीचा गुंडा घेऊन बसली की, ‘ही थंड देशांतल्या मडमांची कला, आपल्या काय कामाची?’ असे घरातले कोणी तरी म्हणतेच. या समजुतीत तथ्य आहे. पण ते अर्धेच.

लोकर आपल्याला कधीच परकी नव्हती. ‘आईन-ए-अकबरी’त वाशीमच्या परिसरातील हटकरांचा उल्लेख येतो, तोही मानी आणि बंडखोर लोक म्हणून. मेंढ्यांची लोकर कातून घोंगडी विणण्याची धनगरांची परंपरा तर फार जुनी. पण घोंगडे मागावर होते. त्यात उभा ताणा आणि आडवा बाणा लागतो. सुयांवरच्या विणकामात धागा एकच. तो स्वतःच्याच फासातून पुनःपुन्हा ओढून घ्यायचा. मराठीत दोहोंना ‘विणणे’ हा एकच शब्द असल्याने हा भेद सहसा ध्यानात येत नाही.

आता अर्ध्या तथ्याकडे वळू. सुयांवरच्या विणकामाचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने नमुने इजिप्तमधले आहेत. अकराव्या ते चौदाव्या शतकांतले ते मोजे लोकरीचे नव्हेत, सुताचे आहेत. पांढरे आणि निळीने रंगवलेले! म्हणजे ही कला जन्माने थंडीची नव्हे. पुढे ती स्पेनमध्ये दिसते. बुर्गोसजवळच्या लास ऊएल्गास मठात, १२७५ साली निवर्तलेल्या राजपुत्र फेर्नांदोच्या थडग्यात ठेवलेली रेशमी उशी मुसलमान कारागिरांच्या हातची आहे. महागुरुस्वामींचे उपासनेतील हातमोजेही असेच विणले जात. इ. स. १४०० च्या सुमारास जर्मनीत मास्टर बर्ट्राम या चित्रकाराच्या परंपरेत बुक्स्टेहुडे येथील वेदीसाठी एक चित्र रंगवले गेले. त्यात पवित्र मरिया चार सुयांवर अंगरखा विणते आहे. गळ्याचे टाके तेवढे उरले आहेत. शेजारी बाळ येशू बसला आहे आणि देवदूत क्रूस घेऊन आले आहेत. योहानकृत शुभवर्तमानातला, शिपायांनी चिठ्ठ्या टाकून घेतलेला बिनशिवणीचा अंगरखा तो हाच. चार सुयांवर गोल विणले की शिवण राहत नाही, हे चित्रकाराला नेमके ठाऊक होते.

शिकणारीला प्रथम सुलट टाका येतो, उलट टाका मागाहून. इतिहासाचा क्रमही तसाच दिसतो. उलट टाक्याचा सर्वांत जुना पुरावा मानले जाणारे मोजे १५६२ साली निवर्तलेल्या फ्लॉरेन्सच्या डचेस एलेओनोराचे आहेत. तेव्हा उलट टाक्याला हात अडखळला तर मुलीवर रागावू नये.

आपल्याकडे ही कला रुजली ती एकोणिसाव्या शतकात, युरोपीय कुटुंबे, मिशनशाळा आणि धर्मभगिनींच्या कॉन्व्हेंटांमार्फत. तेथे ती मुलींच्या वाट्याला आली. युरोपातील विणकरांच्या संघांत मात्र पुरुषच असत. आपल्या मुलग्यांनी हे जरूर वाचावे.

शिकताना आरंभ जाड लोकरीने करावा. लोकर ताणली जाते, त्यामुळे कमीअधिक ओढलेला टाका सांभाळून घेते; सूत तशी सवलत देत नाही. वीस टाके घालून नुसत्या सुलट ओळींची वीतभर पट्टी करावी. ती जमली की सुती दोरा घ्यावा. वाशीमच्या हवेत बाळाचे टोपडे सुताचेच बरे.