सार्वजनिक ग्रंथालये : विश्वस्त आणि स्वयंसेवकांची भूमिका

बंगळुरूच्या दक्षिण भागातील जयनगर या वसाहतीची पायाभरणी १९४८ मध्ये झाली. शहराच्या नगर केंद्रीय ग्रंथालयाचा दक्षिण विभाग याच परिसरात आहे. या ग्रंथालयाचा खर्च प्रामुख्याने नागरिकांनी भरलेल्या उपकरातून चालतो. मात्र त्याच्या कारभारात नागरिकांना किती स्थान असावे, या प्रश्नाचे उत्तर कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन शेजारी राज्यांनी वेगवेगळ्या पद्धतीने दिले आहे.

कर्नाटक : उपकराची हमी

कर्नाटकात १९६५ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर आकारला जातो. त्याचा दर सहा टक्के आहे. ही रक्कम स्थानिक स्वराज्य संस्था गोळा करते आणि ती नगर ग्रंथालय प्राधिकरणाकडे सुपूर्द करणे बंधनकारक आहे. ग्रंथपाल व अन्य कर्मचारी शासकीय सेवेत असतात. शासनाचे अधिकारी, लोकप्रतिनिधी आणि नियुक्त सदस्य प्राधिकरणावर असतात. सामान्य वाचकाचा आवाज तेथे प्रतिनिधींमार्फतच पोहोचतो.

या रचनेच्या मर्यादाही दिसून आल्या आहेत. बृहत बंगळुरू महानगरपालिकेकडे उपकराची मोठी रक्कम थकल्याची वृत्ते वेळोवेळी प्रसिद्ध झाली. पालिकेतील लोकनियुक्त सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली आणि २०२५ मध्ये तिचे पाच महानगरपालिकांत विभाजन होईपर्यंत निवडणूक झाली नाही. थकबाकीचा जाब सभागृहात विचारू शकणारा नगरसेवकच या काळात नव्हता.

शेजारच्या स्वयंसेवी संस्था

जयनगरला लागून असलेल्या बसवनगुडी परिसरात वेगळी परंपरा आढळते. ज्येष्ठ कन्नड साहित्यिक डी. व्ही. गुंडप्पा यांनी १९४५ मध्ये गोखले सार्वजनिक विचार संस्था स्थापन केली. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या या संस्थेत ग्रंथालयही आहे. १९७० मध्ये नागरी सत्कारात मिळालेली निधीची थैली गुंडप्पा यांनी या संस्थेलाच अर्पण केली. बी. पी. वाडिया यांनी त्याच वर्षी, १९४५ मध्ये, स्थापन केलेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ वर्ल्ड कल्चर या संस्थेचे ग्रंथालयही याच परिसरात आहे.

महाराष्ट्र : लोकांची ग्रंथालये, शासनाचे अनुदान

महाराष्ट्रात हीच परंपरा मुख्य प्रवाह ठरली. ठाण्यातील मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मध्ये लोकवर्गणी व कार्यकर्त्यांच्या श्रमांतून उभे राहिले. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने ही व्यवस्था कायम ठेवली. उपकर न लावता, मान्यताप्राप्त संस्थांना अ, ब, क आणि ड अशा वर्गवारीनुसार अनुदान देण्याचे धोरण स्वीकारण्यात आले.

अशा ग्रंथालयांची मालमत्ता विश्वस्तांच्या ताब्यात असते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार हिशेबांची तपासणी करून घेणे, पदाधिकाऱ्यांतील बदल धर्मादाय उपायुक्त किंवा सहायक आयुक्तांच्या कार्यालयास कळविणे आणि स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची परवानगी घेणे बंधनकारक आहे. दैनंदिन कारभार सभासदांनी निवडलेली कार्यकारिणी पाहते. व्याख्यानमाला, बालवाचकांचे उपक्रम, देणग्या व ग्रंथभेटी मिळविणे ही कामे बहुधा स्वयंसेवक करतात.

या पद्धतीचा भार मात्र कर्मचाऱ्यांवर पडतो. त्यांना शासकीय वेतनश्रेणी लागू नाही आणि वेतन मुख्यत्वे अनुदानावर अवलंबून राहते. अनुदानात साठ टक्के वाढ करण्याचा निर्णय २०२२ मध्ये झाला, तरी वेतनश्रेणीची मागणी कायम राहिली.

स्वयंसेवक पर्याय ठरू शकतात का?

ब्रिटनमध्ये २०१० नंतरच्या खर्चकपातीत अनेक शाखा ग्रंथालये स्थानिक रहिवाशांच्या हाती सोपविण्यात आली. त्यामुळे काही शाखा वाचल्या. परंतु प्रशिक्षित ग्रंथपालांची जागा विनावेतन कार्यकर्त्यांनी घ्यावी का, हा वाद तेथे सुरू झाला. अमेरिकेत मात्र ‘ग्रंथालय मित्र’ मंडळे प्रामुख्याने निधी उभारतात व ग्रंथालयाची बाजू मांडतात, तर धोरण आणि अंदाजपत्रक हे सहसा विश्वस्त मंडळाचे क्षेत्र मानले जाते.

एकूण चित्र पाहता, कर्नाटकाच्या कायद्याने निधीचा स्रोत निश्चित केला, तर महाराष्ट्राने ग्रंथालयाची मालकी लोकांकडे ठेवली. उपकर वेळेवर जमा होतो की नाही यावर लक्ष ठेवणारे नागरिक पहिल्या व्यवस्थेला हवे आहेत. दुसऱ्या व्यवस्थेला हवा आहे तो विश्वस्तांच्या निष्ठेला आधार देणारा खात्रीचा निधी.