गाजरगवत नेमके आले कुठून?

भोरहून भाटघर धरणाकडे निघालो, की रस्त्याच्या दोन्ही कडांना बारीक पांढऱ्या फुलांचे, कमरेएवढे वाढलेले एक झुडूप सोबत करते. तेच गाजरगवत. पाने गाजराच्या पानांसारखी, म्हणून हे नाव. माथ्यावर पांढऱ्या टोप्या घातल्यासारखी फुले, म्हणून ‘काँग्रेस गवत’, असे सांगतात. वेल्ह्याकडे चढताना आम्हाला एक गोष्ट जाणवली. रस्ता जिथवर जातो तिथवर तेही जाते. जुने दाट गवत न मोडलेल्या उतारावर मात्र ते फारसे दिसत नाही.

वाटेत भेटलेले एक आजोबा म्हणाले, “आमच्या लहानपणी हे नव्हतं. अमेरिकेच्या लाल गव्हातनं आलं.” आपणही वर्गात हेच सांगतो. ‘पीएल-480’ हा आकडा तर पाठच असतो.

आता तारखा पाहू. पुण्यात उकिरड्यांवर ही वनस्पती 1950 च्या दशकाच्या पूर्वार्धात आढळली आणि राव या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1956 साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात तिची नोंद प्रसिद्ध केली. अमेरिकेत पीएल-480 हा कायदा झाला 1954 मध्ये. भारताशी त्याखाली पहिला करार झाला ऑगस्ट 1956 मध्ये. म्हणजे झाड आधी आणि करार नंतर! अर्थात एवढ्याने गहू निर्दोष ठरत नाही. 1951 साली अमेरिकेने भारताला धान्यासाठी 19 कोटी डॉलरचे कर्ज दिले होते, आणि तो गहू येथे आला होता. बी त्यातून आले असणे शक्य आहे. पण मग दोषी कायदा वेगळा.

गुंता इथे संपत नाही. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेच्या वनस्पतिसंग्रहात 1880 सालचा गाजरगवताचा वाळवलेला नमुना आहे. त्याहूनही मागे, रॉक्सबर्ग यांच्या कलकत्त्याच्या बागेतील वनस्पतींच्या 1814 च्या यादीत हे नाव सापडते. झाड दीडशे वर्षे देशात होते, तर ते आधीच का पसरले नाही? आमचा अंदाज असा, की बागेतली थोडीशी झाडे तिथेच राहिली आणि 1950 च्या सुमारास नवे बी, कदाचित अनेकदा, आले. हा अंदाजच आहे. पण पसरण्याला बी जितके लागते तितकीच उकरलेली, उघडी जमीन लागते, आणि त्याच काळात रस्ते, कालवे, वसाहती यांनी ती भरपूर पुरवली.

एका जोमदार झाडाला हजारो बिया येतात, पंधरा-वीस हजारांपर्यंतही. त्या हलक्या असतात. वाळू, मुरूम, शेणखत, ट्रकची चाके, गुरांचे खूर यांतून त्या डोंगरावर पोचतात. या झाडाने हातापायांना खाज सुटून चट्टे उठल्याच्या तक्रारी पुणे परिसरात 1970 च्या दशकात वैद्यकीय नोंदींत आल्या. परागांनी शिंका आणि दमाही होतो. गुरे ते सहसा खात नाहीत, म्हणून चराऊ रानात त्याला कोणी अडवत नाही.

याला शत्रू हवा म्हणून 1983 साली मेक्सिकोतून झायगोग्रामा नावाचा भुंगा बंगळूरला आणला आणि चाचण्यांनंतर 1984 मध्ये सोडला. पावसाळ्यात तो पाने फस्त करतो, थंडीत मातीत जाऊन झोपतो. पुढे तो सूर्यफुलावर दिसल्याने मोठा गहजब झाला. चौकशी झाली, काही वर्षे त्याला सोडणे थांबले. गाजरगवत खाणारा किडा दुसरे काही खाईल का, हा प्रश्न विचारणारे चूक नव्हते. निवडुंगाच्या वेळी, 1926 मध्ये, श्रीलंकेतून आणलेल्या एका कोचिनील किड्याने दक्षिण भारतातील फड्या निवडुंग पाच-सहा वर्षांत आटोक्यात आणला होता, पण प्रत्येक किडा तेवढा मेहनती निघत नाही.

डोंगरावरच्या लहान शेतकऱ्याला तूर्त हाताचाच उपाय परवडतो: पावसात माती भिजलेली असताना, फुले येण्याआधी, हातमोजे घालून मुळासकट उपटणे. वरून कापले तर बुडखा पुन्हा फुटतो. उपटलेले फुलांआधीचे झाड कंपोस्टात चालते. फुलावर आलेले नको. रिकाम्या जागी टाकळा दाट वाढू दिला तर तो गाजरगवताला दाबतो, असा अनुभव आहे, आणि कोवळ्या टाकळ्याची भाजी घरोघरी होतेच. भाटघरच्या आजोबांनी बांधावर तो मुद्दाम ठेवला होता. गव्हाचा विषय काढला तेव्हा मात्र ते हसले आणि म्हणाले, “मग हे मुरूम टाकणाऱ्या ट्रकमधूनच आलं म्हणायचं!”